भिंतीच्या पोटांत काय आहे?

(परंदवडी, तालुका मावळ, येथें ग्रामस्थांपुढें केलेलें भाषण)



पाऊस तोंडावर आला आहे. भाताचीं रोपें टाकायचीं आहेत, कित्येकांचीं कौलें चाळायचीं राहिलीं आहेत, आणि अशा घाईच्या दिवसांत आम्ही तुमच्यापुढें भूकंपाची गोष्ट घेऊन आलों आहों. मंडपांत शिरतांनाच एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं आम्हांस हटकलें, "अहो, आमच्या पवन मावळांत कसला भूकंप? येथें खालीं सगळा काळा कातळ." त्यांचें बोलणें आम्हांस आवडलें. आज जें सांगावयाचें आहे त्याची सुरुवात त्यांनींच करून दिली. कारण किल्लारीखालींही हाच काळा कातळ आहे.

किल्लारी येथून तीनशें किलोमीटरांवर, लातूर जिल्ह्यांत. 1993 सालच्या 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपति बोळवून लोक रात्रीं उशिरां घरीं आले आणि अंथरुणाला पाठ टेकली. पहांटे चार वाजावयास चार मिनिटें उरलीं असतां जमीन हादरली. तो हादरा मिनिटभरसुद्धां टिकला नाहीं. तेवढ्यांत लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतलीं किल्लारी, सास्तूर यांसारखीं गांवेंच्या गांवें जमिनीस मिळालीं. मेलेल्यांचा सरकारी आंकडा जवळजवळ आठ हजार आहे. कित्येक ठिकाणीं दहा हजारांचा सांगतात. मेले ते कोण? शेतकरी, सालदार, सुतार, लोहार, कुंभार, त्यांच्या बायका आणि त्यांचीं पोरें.

आतां एक गोष्ट नीट लक्षांत घ्या. त्या भूकंपाचें मान सहाच्या थोडें वर होतें. एवढ्या मानाचे भूकंप पृथ्वीवर दरसाल शंभराच्या वर होतात. बरेचसे समुद्रांत किंवा ओसाड मुलखांत होतात, कांहीं भर वस्तींतही होतात. पण आठ हजार माणसें क्वचितच मरतात. मग आमच्याच माणसांवर ही पाळी कां आली?

याचें उत्तर देण्यास पोथीवाले नेहमीं सर्वांच्या पुढें असतात. शेषानें मान हलविली, कोठें तरी पाप वाढलें, अमुक देवाचें अमुक राहिलें. तेव्हां शांति करा, अभिषेक करा, दक्षिणा ठेवा. ही खोड भटजीपुरतीच आहे असेंही समजूं नका. 1934 सालीं बिहारांत मोठा भूकंप झाला, तेव्हां खुद्द महात्मा गांधींनीं तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे असें म्हटलें होतें, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनीं त्यास उघड हरकत घेतली होती. अस्पृश्यता हें पाप आहे यांत आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. परंतु ज्यांच्यावर तें पाप लादलें त्यांचींच झोंपडीं कोसळत असतील तर हा न्याय कोणत्या कोर्टांतला? चांगल्या कामासाठींसुद्धां खोटें कारण पुढें करूं नये. खोटें कारण एकदां चाललें कीं मग तें कोणाच्याही हातीं लागतें.

खरें कारण आम्हांस एका म्हाताऱ्या गवंड्यानें सांगितलें. औसा तालुक्यांत फिरतांना आम्ही त्याच्यापाशीं बसलों होतों. मागें एक जुनी पडकी भिंत अर्धी उभी होती. त्यानें आमचा हात धरून आम्हांस तिच्या तुटलेल्या टोंकाशीं नेलें आणि म्हणाला, "दादा, ही एक भिंत नव्हं. ह्या दोन भिंती हायेत." पाहतों तों खरेंच! बाहेरच्या अंगाला एक दगडी थर, आंतल्या अंगाला दुसरा, आणि मध्यें चिपा, गोटे, माती भरलेली. बाहेरून दोन-दोन, तीन-तीन फूट जाड, हत्तीनें धडक दिली तरी हलणार नाहीं असें वाटावें. पण दोन्ही थरांना धरून ठेवणारा एकही आरपार दगड नाहीं. जमीन हलली कीं मधली भर खालीं बसते, ती पाचर ठोकल्यासारखी दोन्ही थरांना फाकवते, आणि बाहेरचा थर गल्लींत, आंतला थर झोंपलेल्या माणसांवर! वर धाब्याचें माळवद. दरसाल पावसाआधीं गळूं नये म्हणून त्यावर माती टाकायची. बापानें टाकली, मुलानें टाकली, नातवानें टाकली. फूट-दीड फूट, कोठें त्याहूनही जाड थर झाला. उन्हाळ्यांत घर गार राहतें हें खरें, पण तेवढें ओझें डोक्यावर घेऊन माणूस झोंपत होता.

आणि त्याच गांवांत आणखी एक चमत्कार दिसला होता. कित्येक घरांच्या भिंती सगळ्या गळून पडल्या, पण आंतले लांकडी खांब आणि तुळया जागच्या जागीं उभ्या! सुतारानें जें सांधलें होतें तें टिकलें. जें नुसतें रचलें होतें तें गेलें. ज्यास कारागीर म्हणून चार चौघांत मान देत नाहींत, त्याच्या पटाशीनें कांहीं जणांचे तरी प्राण वांचविले.

पूर्वसूचना नव्हती काय? घडी, तास, मिनिट सांगणारी विद्या आजही जगांत कोणापाशीं नाहीं, हें प्रथम सांगून ठेवतों. मोबाईलवर "आज रात्रीं दोन वाजतां मोठा भूकंप" असा निरोप आला तर तो पाठविणारा एक तर मूर्ख आहे नाहीं तर लबाड आहे. परंतु किल्लारीस 1992 सालापासून बारीकसारीक हादरे बसत होते, आणि त्या सालच्या ऑक्टोबरांत एक बराच जोराचा बसला होता. त्या एका वर्षांत कोणी भिंतींना आरपार दगड घालून घेतले असते, माळवदाची माती अर्धी उतरविली असती, तर कितीतरी घरें उभीं राहतीं. पण त्या शेतकऱ्यास हें सांगण्यास गेला कोण? सरकारी नकाशांत तो मुलूख अगदीं कमी धोक्याचा म्हणून रंगविलेला होता. 2002 सालीं नकाशा सुधारला. त्यांत लातूरचा तो भाग आणि आपला पुणें जिल्हा दोन्ही मध्यम धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यांत आले, आणि कोयना त्याच्याही वरच्या चौथ्या पट्ट्यांत. नकाशा सुधारला हें बरें झालें. मेलेल्यांस त्याचा काय उपयोग?

कोयनेचें नांव निघालें म्हणून सांगतों. ती तर आपल्यापासून केवळ दीडशें किलोमीटरांवर आहे. 11 डिसेंबर 1967 रोजीं पहांटे तेथें असाच भूकंप झाला. पावणेदोनशेंच्या आसपास माणसें गेलीं, कोयनानगरांतलीं बहुतेक घरें पडलीं, आणि हादरा पुण्यामुंबईपर्यंत जाणवला. तेथें धरणाच्या साठ्यानें जमिनीच्या पोटांतल्या जुन्या भेगांवर भार व पाणी गेल्यामुळें भूकंप होतात असें पुष्कळ शास्त्रज्ञांचें मत आहे. धरणाच्या भिंतीस तडे गेले, पण धरण फुटलें नाहीं. मागाहून तें मजबूत केलें. हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण उद्यां येथें हादरा बसला तर "पवना धरण फुटलें" अशी आवई पहिल्या दहा मिनिटांत उठेल, आणि त्या धांवपळींत भूकंपानें न मेलेलीं माणसें पायांखालीं मरतील. आवईवर धांवूं नका; ग्रामपंचायतीकडून, तहसीलदाराकडून खरें काय तें कळवून घ्या.

आतां आपल्या घरांकडे वळूं. मावळांत पाऊस दांडगा, म्हणून आपलें छप्पर उतरतें, कौलांचें किंवा पत्र्याचें. डोक्यावर दीड फूट माती नाहीं, ही आपली मोठी कमाई. पण भिंत? सकाळीं गांवांतून हिंडतांना आम्हीं चार-पांच जुनीं घरें पाहिलीं. दोन ठिकाणीं पावसानें गिलावा उडाला आहे आणि आंत तीच चिपांची भर दिसते. शिवाय आपल्याकडे आढ्यापर्यंत चढविलेली तिकोनी भिंत असते. तिला वरून कोणी धरलेलें नसतें. हादऱ्यांत ती सर्वांत आधीं बाहेर कोसळते. तिच्या बुडाशीं गोठा किंवा चूल मांडलेली असेल तर आजच हलवावी, आणि जमेल तेव्हां तो वरचा तिकोना उतरवून तेथें पत्रा किंवा फळ्या माराव्या.

जुनी भिंत पाडावयास नको. किल्लारीनंतर तिकडे गवंड्यांस जें शिकविलें तें साधें आहे. उभ्या भिंतींतून हलक्या हातानें, एका वेळीं थोडेच दगड काढून, आरपार भोंक पाडावयाचें. दोन्ही टोंकांस वांकविलेली सळई त्यांत घालून काँक्रीट भरावयाचें. असा एक जोड उंचींत दर दोन फुटांवर आणि लांबींत दर चार फुटांवर. घण घालून भोंक पाडूं नये, नाहीं तर औषधानेंच रोगी मरावयाचा. लांकडी खांबाचें घर असेल तर खांब आणि तुळई यांच्या कोनांत तिरपा टेंकू मारून घ्यावा. तें काम सुतार एका दिवसांत करतो. नवी दगडी भिंत बांधतांना दीड फुटाहून जाड बांधूं नये. जाडी म्हणजे मजबुती नव्हे. दरवाजा-खिडकी कोपऱ्यापासून निदान दोन फूट लांब असावी. आणि दारां-खिडक्यांच्या डोक्यावरून चारी भिंतींवर सळई-काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवावा. गाडीच्या चाकाला लोखंडी धांव कशासाठीं चढवितात हें ज्यास ठाऊक आहे त्यास या पट्ट्याचें काम निराळें सांगावयास नको.

कोणी म्हणेल, "आमचें घर काँक्रीटचें आहे, आम्हांस भय नाहीं." त्यांस आम्ही अहमदाबाद दाखवितों. 26 जानेवारी 2001 रोजीं कच्छांत भूकंप झाला. अहमदाबाद तेथून दोनशें किलोमीटरांहूनही दूर. पण तेथल्या कितीतरी उंच इमारती कोसळल्या. त्यांपैकीं पुष्कळांच्या खालीं मोटारी ठेवण्यासाठीं नुसते उघडे खांब होते. द्रुतगति मार्ग झाला, तळेगांवाकडे कारखाने आले, भाडेकरू आले, आणि आपल्या आजूबाजूच्या गांवांत असेच दोन-दोन, तीन-तीन मजले खांबांवर उभे राहत आहेत. खांबांतल्या रिंगा दूरदूर बांधलेल्या, त्यांचीं टोंकें आंत न वळविलेलीं, काँक्रीटला पुरतें पाणी मारलेलें नाहीं, आणि पायाखालीं काय आहे तें कोणी पाहिलेलें नाहीं. दगडमातीचें वाईट घर आणि काँक्रीटचें वाईट घर यांत फरक इतकाच कीं दुसऱ्याखालीं दडपलेला माणूस शेजाऱ्यांच्या पहारींनीं निघत नाहीं. जो बांधतो आहे त्यानें ठेकेदारास एवढें तरी विचारावें: खांब-तुळईच्या सांध्याजवळ रिंगा किती जवळ बांधल्या? टोंकें आंत वळविलीं काय? हा प्रश्न विचारण्यास बुकें शिकावीं लागत नाहींत. भोंक बुजण्यापूर्वीं, म्हणजे काँक्रीट ओतण्यापूर्वीं, समोर उभें राहावें लागतें.

आतां जमीन हलूंच लागली तर काय करावें? दगडमातीच्या घरांत असाल आणि दार चार पावलांवर असेल तर तत्काळ बाहेर मोकळ्यांत, भिंती आणि विजेच्या तारा यांपासून दूर. दार लांब असेल, वरच्या मजल्यावर असाल किंवा काँक्रीटच्या घरांत असाल, तर धांवूं नका. मजबूत मेज किंवा खाट असेल तिच्याखालीं शिरा, डोकें-मान हातांनीं झांका, आणि हादरा थांबेपर्यंत तिचा पाय सोडूं नका. जिन्यावर तर मुळींच जाऊं नका. पालघर जिल्ह्यांत, डहाणू-तलासरीकडे, 2018 च्या नोव्हेंबरापासून हादऱ्यांची माळच लागली होती. थंडीच्या दिवसांत लोक बाहेर तंबूंत झोंपत होते. आणि तेथें 2019 च्या फेब्रुवारींत एक लहानगी पोर मेली ती भिंतीखालीं नव्हे, धांवपळींत पडून. माळ्यावर, फळीवर डोक्याच्या वर हंडे, पिपें, पाटे-वरवंटे ठेवण्याची आपल्या बायकांस हौस आहे. ती हौस उशाकडच्या भिंतीवर तरी भागवूं नका.

हादरा थांबला कीं पहिलें काम चुलीचा विस्तव विझविणें, गॅसच्या टाकीचें बटण बंद करणें, विजेचा मुख्य खटका पाडणें. काडी ओढूं नका. मागाहून लहानमोठे हादरे येतच राहतात, कधीं आठवडेच्या आठवडे. तडकलेल्या घरांत पैशासाठीं, दागिन्यासाठीं, देवासाठींही परत शिरूं नका.

दडपलेल्या माणसास पहिल्या कांहीं तासांत बाहेर काढणारा शेजारी असतो, सरकार नव्हे. जगांत सगळीकडे हाच अनुभव आहे. आपलें नशीब असें कीं राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाची पांचवी तुकडी आपल्याच तालुक्यांत सुदुंबऱ्यास आहे. पण मोठ्या भूकंपांत तीस गांवांचें बोलावणें एकदम येईल, म्हणून पहिली रात्र आपली आपणच काढावयाची. गांवांत कोणाकडे पहारी आहेत, कोणाकडे दोर, करवत, जॅक, ट्रॅक्टर आहे, याची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असावी. कोणत्या घरांत म्हातारें माणूस, अंथरुणावरचा रोगी, बाळंतीण आहे हें आळींतल्या बायकांस सर्वांत चांगलें ठाऊक असतें. त्यांना विचारून मग खणावयास लागा. मधून मधून सर्वांनीं काम थांबवावें, यंत्रें बंद करावीं, हांक मारून कान द्यावा. खालीं अडकलेल्यानें ओरडून दम घालवूं नये; तोंडावर कापड धरावें आणि दगडानें ठोकत राहावें. सांपडलेल्याचा हात धरून ओढूं नका. मान-पाठ सरळ राहील असा फळीवर किंवा दारावर घ्या. हातपाय तासन्‌तास दगडाखालीं चेंगरला असेल तर एकदम मोकळा करण्यापूर्वीं 108 च्या डॉक्टरास विचारा, कारण अडकलेलें विषारी रक्त एकदम सुटून माणूस दगावतो. बेशुद्धाच्या तोंडांत पाणी घालूं नका. पोलीस, अग्निशामक यांसाठीं 112.

आणि बघे होऊं नका. किल्लारीस मदतीच्या गाड्यांना वाट मिळेना, इतकी बघ्यांची गर्दी झाली होती. गाडी काढून "पाहून येऊं" म्हणणाऱ्यानें घरीं बसून एका कुटुंबाचें धान्य बाजूस काढून ठेवावें. जुन्या फाटक्या कपड्यांचीं गांठोडीं तर मुळींच पाठवूं नयेत.

विहिरीचें पाणी गढूळ होतें, उकळून प्या. प्रेतांमुळें लगेच सांथ येते या भीतीनें ओळख न पटवितां घाईनें अग्नि देऊं नका. सांथ येते ती घाण पाण्यानें. प्रेताचा फोटो आणि ओळख नोंदवून ठेवली नाहीं तर मागें राहिलेल्या विधवेस मृत्यूचा दाखला मिळवितां मिळवितां वर्ष जातें. आणखी एक गोष्ट मावळची खास: हादऱ्यानें डोंगराला भेगा पडल्या तर पावसापूर्वीं त्या पाहून ठेवा. आपल्याच जिल्ह्यांतल्या आंबेगांव तालुक्यांत 30 जुलै 2014 रोजीं माळीण गांव डोंगराखालीं गाडलें गेलें, दीडशें माणसें गेलीं. तेथें भूकंप नव्हता, नुसता पाऊस होता. दोन्ही एका सालांत आले तर?

आतां जें सांगावयासाठीं आम्ही विशेषेंकरून आलों तें सांगतों. घर पडतें एका मिनिटांत. तें पुन्हा कोणीं, कोठें, केवढें बांधावयाचें याचा झगडा पुढें दहा वर्षें चालतो, आणि त्यांत गरीब माणूस दुसऱ्यांदा दडपला जातो.

किल्लारीनंतर सरकारनें जागतिक बँकेचें कर्ज काढून मोठें काम केलें, हें मान्य केलेंच पाहिजे. 52 गांवें अजीबात नव्या जागीं वसविलीं. पण घर किती मोठें द्यावयाचें? ज्यास जमीन नाहीं किंवा एक हेक्टरापर्यंत आहे, त्यास 250 चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्यास 400. सात हेक्टरांच्या वर असणाऱ्यास 750. भूकंपानें कोणाचा सात-बारा पाहिला नव्हता, मदतीनें पाहिला. मोठ्या शेतकऱ्यास बैल, औत, धान्य यांस जागा लागते, हें आम्हांस कळतें. पण कुंभारास चाकाला, मातीला, भट्टीला अंगण लागत नाहीं काय? सुताराचें लांकूड कोठें पडावयाचें? ज्याचा धंदाच घराच्या ओसरीवर चालतो त्यास जमीन नाहीं म्हणून सर्वांत लहान घर, हा हिशेब कचेरींत बसून केलेला होता. एका नव्या वसाहतींत आम्हीं पाहिलें, शहरासारखे रुंद सरळ रस्ते, रांगेनें एकासारखीं एक घरें. आणि प्रत्येक घरापुढें मालकानें मागाहून पत्र्याची पडवी ओढलेली. एक बाई म्हणाली, "घर दिलं, पण शेजार न्हाई दिला. आता हाक मारली तर ऐकू जाईना." शेत लांब गेलें, गोठ्याला जागा राहिली नाहीं, आळी मोडली. हें सगळें बांधण्यापूर्वीं त्या बाईस विचारलें असतें तर सिमेंटाचें एक पोतेंही जास्त लागलें नसतें.

याच्याच शेजारीं दुसरा अनुभव ठेवा. ज्या गांवांत पडझड कमी होती तेथें तेरा जिल्ह्यांत मिळून जवळजवळ दोन लाख घरें मालकांनीं स्वतः, सरकारी पैसा व मार्गदर्शन घेऊन, जागच्या जागीं दुरुस्त केलीं. सामान मालकानें आणावयाचें, गवंडी मालकानें लावावयाचा. कितीतरी गांवांत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साह्यानें बायका "संवाद सहायक" म्हणून पुढें आल्या. घरोघर जाऊन कोणाचा हप्ता अडला, कोणाचा पट्टा चुकला तें पाहूं लागल्या. ज्या बाईनें कधीं कचेरीचा उंबरा पाहिला नव्हता ती अभियंत्यास विचारूं लागली कीं ही सळई येथें कां नाहीं. आम्हांस विचाराल तर त्या सगळ्या पुनर्वसनांतलें टिकाऊ बांधकाम तेंच.

म्हणून तुमच्यावर तशी वेळ आली तर गांव हलविण्याच्या कागदावर भर दुःखाच्या पहिल्या महिन्यांत अंगठा उठवूं नका. आधीं ग्रामसभा भरवा. शेत किती लांब, पाणी कोठें, गोठा कोठें, कोणाच्या शेजारीं कोण, हें ठरवा. बलुतेदारांस आणि भूमिहीनांस त्या सभेंत कोपऱ्यांत बसवूं नका. पंचनामा होईल तेव्हां स्वतः हजर राहा, पडक्या घराचे चारी बाजूंनीं फोटो काढा, आणि कोऱ्या कागदावर सही करूं नका. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर कोणाच्या नांवें आहे तें आजच पाहा. पुष्कळ ठिकाणीं आजोबा अजून मालक आहेत! भाऊबंदकीचा तंटा मिटेपर्यंत मदतीचा हप्ता थांबत नाहीं, तो परत जातो. उताऱ्यावर घरधनिणीचेंही नांव चढवा. सुदुंबऱ्यास ज्या संताजी जगनाड्यांची समाधि आहे, त्यांनीं तुकोबांचे अभंग उतरून जपले अशी आपल्याकडे आठवण सांगतात. ते जातीनें तेली, पण कागदाची किंमत त्यांस कळली होती. आपणही उतारे, आधार, बँकेचें पुस्तक यांची एक नक्कल दुसऱ्या गांवीं, लेकीच्या किंवा मामाच्या घरीं ठेवावी.

पोरांविषयीं दोन शब्द. किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनें तिकडचीं बाराशें मुलें आपल्या पुणें जिल्ह्यांत वाघोलीस आणून शिकविलीं. आईबाप गेलेल्या पोरास अन्नापेक्षांही आधीं कोणी तरी ओळखीचें माणूस लागतें, आणि रात्रीं दचकून उठणाऱ्या पोरास अंगारा नव्हे, जवळ झोंपणारें माणूस लागतें. शाळा तंबूंत कां होईना, लौकर सुरू करावी. मोठ्या माणसांचेंही तेंच. ज्याच्या हाताला काम आहे तो रडूनही सावरतो. कुंभाराचें चाक आणि लोहाराचा भाता पहिल्या मदतींत गेला पाहिजे, दुसऱ्या वर्षीं नव्हे.

बोलणें लांबलें. त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनीं मघांशीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर बाकी आहे: येथें भूकंप होईल काय? होईल किंवा होणार नाहीं, तें आम्ही सांगूं शकत नाहीं. त्यांच्या भिंतीच्या पोटांत काय आहे तें मात्र सांगतां येण्यासारखें आहे, आणि त्यांनीं त्यास परवानगी दिली आहे. तेव्हां उद्यां सकाळीं सात वाजतां, ऊन चढण्यापूर्वीं, त्यांच्या मागील दारीं जमावें. तळेगांवाहून एक गवंडी येत आहेत. एक दगड काढून आंत पाहूं, आणि त्याच भोंकांत पहिला आरपार जोड भरूं. सिमेंट आणि सळई आम्हीं आणली आहे. घमेलें आणि पाण्याच्या दोन बादल्या तेवढ्या कोणी तरी घेऊन याव्या.